मृत्तिका, बीज आणि भांग

कोणत्याही पिकाची ओळख करून देताना प्रथम त्याची माती, मग त्याचे बी आणि त्यानंतर त्याचा बाजार सांगावा, असा कृषिविषयक लेखनाचा जुना परिपाठ आहे. परंतु भांगेच्या बाबतीत हा क्रम आपल्याकडे सर्वस्वी उलटा झाला असून, तिच्यासंबंधी जे काही लिहिले गेले ते बहुतांशी अबकारीच्या दप्तरात, पोलिसांच्या पंचनाम्यात अथवा वैद्यकाच्या निघंटूंत लिहिले गेले, आणि ज्या शेतात ती उगवली त्या शेताची माती कोणत्या जातीची होती, ज्या बियापासून ती उगवली ते बी कोठून आले, हे विचारण्याची निकड कोणाला फारशी भासली नाही. प्रस्तुत पुस्तक ही उणीव निदान एका प्रदेशापुरती, म्हणजे जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरती, भरून काढण्याच्या हेतूने लिहिले आहे. ते लागवडीची मार्गदर्शिका नाही, हे आरंभीच स्वच्छ सांगणे मी कर्तव्य समजतो. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यान्वये परवान्यावाचून भांगेचे एकही झाड लावणे हा अपराध आहे, त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. आणि बी स्वतः गांजाच्या व्याख्येत मोडत नसले तरी ते पेरणाऱ्याला त्या सबबीचा काडीइतकाही आधार मिळत नाही.

तरीही हा विषय खानदेशाच्या दृष्टीने का महत्त्वाचा, हे समजण्यासाठी नकाशा डोळ्यांपुढे घ्यावा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, आणि त्यांच्यामध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी. तिला पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, अनेर अशा नद्या येऊन मिळतात. तापीच्या उत्तर तीरावरील रावेर, यावल आणि चोपडे या तालुक्यांत नदीने युगानुयुगे आणून टाकलेला गाळ काही ठिकाणी शेकडो फूट खोल आहे. महाराष्ट्रातील अत्यंत सुपीक जमिनींत तेथील मातीची गणना होते, आणि केळीसारखे खादाड पीक तेथे पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते ते त्याच बळावर. दक्षिणेकडे अमळनेर, पारोळा, एरंडोल या भागांत मध्यम काळी. त्याहून पलीकडे, साक्रीच्या डोंगराळ मुलखात आणि शिरपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी, मुरमाड, बरड, पाण्याचा झटकन निचरा होणारी उथळ जमीन. एकाच तालुक्यात, कधी कधी एकाच गावच्या शिवारात, हे तिन्ही प्रकार आढळतात. आणि ज्या शेतकऱ्याला आपल्या शेताचा कोणता तुकडा भारी, कोणता हलका, कोणता चोपण हे अंगठ्याने माती दाबून सांगता येते, त्याचे हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाइतकेच आदरणीय आहे असे माझे मत आहे.

आता सामान्य समज असा की माती जितकी कसदार तितके पीक चांगले, म्हणून तापीकाठची भारी काळी ही भांगेला सर्वांत मानवेल. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. भांग ही सोटमुळाची वनस्पती. तिला खाद्य भरपूर लागते, विशेषतः वाढीच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत नत्र. परंतु मुळांभोवती पाणी साचणे तिला मुळीच सोसत नाही. भारी काळ्या मातीचा स्वभाव नेमका याच्या विरुद्ध. तिच्यातील चिकणमातीचा अंश पावसाळ्यात फुगतो, पाणी धरून ठेवतो, आठ-आठ दिवस वाफसा येऊ देत नाही. उन्हाळ्यात तीच माती आकसून हातभर भेगा पडतात आणि कोवळी मुळे तुटतात. त्यातच या जमिनींत चुनखडीचे खडे मुबलक, सामू अल्कधर्मी, त्यामुळे टाकलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते आणि जस्त व लोह यांची उणीव पडते. सेंद्रिय कर्बाचे प्रमाण तर आपल्या उष्ण हवेत अल्पच राहते. तात्पर्य, काळी माती ‘श्रीमंत’ आहे हे खरे, पण तिची संपत्ती प्रत्येक पिकाला सारखीच खर्चता येते असे नाही. कापूस आणि केळी यांनी तिच्याशी जमवून घेतले, तेही गादीवाफे, चर आणि अलीकडे ठिबक यांच्या साहाय्याने. भांगेसारख्या पिकाला मध्यम पोताची, निचऱ्याची, पण शेणखताने समृद्ध केलेली जमीनच अधिक योग्य; आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी देशात जेथे जेथे सरकारी परवान्याने गांजा पिके, तेथील वर्णनांतही हलकी पण उत्तम खतावलेली, पाणी न साचणारी जमीन हाच विशेष पुन्हा पुन्हा येतो.

खतासंबंधी आमच्या भागातील जुन्या शेतकऱ्यांचे शहाणपण येथे आठवल्यावाचून राहवत नाही. गावठाणाची जुनी पांढरी खणून तिची माती शेतात नेऊन टाकण्याची रीत, शेळ्या-मेंढ्या शेतात बसवण्याचा धनगरांशी होणारा करार, उकिरडा वर्षभर कुजवून मृगाच्या तोंडावर गाडीने पसरण्याचा प्रघात, या सर्वांत मातीला ‘खाऊ घालण्याची’ जी जाणीव होती ती पोत्यांतल्या खताबरोबर पुष्कळ अंशी क्षीण झाली. भांगेच्या बाबतीत तर मातीच्या शुद्धतेचा एक निराळाच प्रश्न उद्भवतो. ही वनस्पती जमिनीतील कॅडमियमसारखे जड धातू मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. म्हणून शहराच्या सांडपाण्यावर अथवा कारखान्याच्या मळीवर पोसलेली जमीन वरकरणी कितीही कसदार दिसली तरी औषधासाठी वा आहारासाठी घ्यावयाच्या पिकाला ती सर्वथा त्याज्य होय. नुसता कस पाहणाऱ्याची येथे फसगत होते.

इतिहासाकडे वळल्यास खानदेशाचे या पिकाशी असलेले सान्निध्य चटकन ध्यानात येते. भुसावळहून रेल्वेने बऱ्हाणपूर ओलांडून थोडे पुढे गेले की खांडवा लागते, आणि इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतातील परवानाधारक गांजाची लागवड याच खांडव्याच्या परिसरात, निमाड जिल्ह्यात, एकवटलेली होती. दक्षिणेस अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे मुंबई इलाख्यातील गांजाचे प्रमुख उत्पादनक्षेत्र. म्हणजे खानदेशाच्या दोन्ही अंगांना हे पीक सरकारच्या मान्यतेने उभे असे, आणि त्यावरचा महसूल तिजोरीत जमा होई. ब्रिटिश पार्लमेंटात १८९३ च्या मार्चमध्ये डब्ल्यू. एस. केन या सभासदाने प्रश्न विचारल्यावर हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. १,१९३ साक्षीदारांची चौकशी करून त्याने १८९४ साली आपला अहवाल पुरा केला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवन अपायकारक आहे, सरसकट बंदी अनावश्यक आणि अनिष्ट असून परवाने, सरकारी गुदामे आणि कर यांच्या द्वारा नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या निष्कर्षाशी कोणी सहमत व्हावे वा न व्हावे, हा माझा विषय नव्हे. मला त्या अहवालाचे मोल वाटते ते वेगळ्याच कारणाने: माती, नांगरट, खत, पेरणी, खुडणी यांचा तपशील ज्या आस्थेने त्याने गोळा केला, तसा तो त्यानंतर आपल्याकडे कोणी क्वचितच गोळा केला असेल. परंतु आयोगाचे प्रश्न महसुलाच्या दृष्टीने विचारलेले होते. कुळाने पुढच्या वर्षासाठी बी कसे राखले, हा त्यांच्या दृष्टीने गौण प्रश्न होता, आणि नेमका तोच आमच्या दृष्टीने मुख्य आहे.

बियाचा प्रश्न समजण्यासाठी या वनस्पतीची एक खासियत नीट ध्यानात घेतली पाहिजे. भांगेत नर आणि मादी अशी झाडे वेगवेगळी असतात, आणि परागकण वाऱ्याने मैलोगणती वाहून जातात. गांजासाठी हवा असतो तो मादी झाडाचा फलित न झालेला, राळेने भरलेला तुरा. म्हणून नर झाडे फुलण्यापूर्वीच ओळखून उपटावी लागत. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नवगाव येथे हे काम ‘पोद्दार’ म्हणून ओळखला जाणारा कसबी मनुष्य करी. शेतकरी त्याला मजुरी देऊन बोलावीत, आणि त्याच्या नजरेच्या पारखीवर वर्षाचे उत्पन्न अवलंबून असे. तेथील शेतकऱ्यांनी १९१७ साली आपली सहकारी संस्थाही उभी केली. येथे एक पेच उघड आहे: ज्या शेतात नराचा पूर्ण निःपात झाला, त्या शेतातील माल उत्तम, पण त्यात बी नाही, आणि बी नाही तर पुढच्या वर्षी पेरावयाचे काय? व्यवहारात थोडेबहुत नर नेहमीच निसटत, शेजारच्या शेतातून परागही येई, आणि त्यातून जे बी मिळे तेच पुन्हा पेरले जाई. याचा अर्थ असा की पुढची पिढी निवडीने नव्हे, तर निष्काळजीपणातून उरलेल्या संकरातून जन्मास येई. ज्याला खरोखर जात राखावयाची असेल त्याने उत्तम माद्यांसाठी उत्तम नर निवडून, दूर, एकांतात, स्वतंत्र तुकड्यावर बी धरले पाहिजे. आणि एवढी व्यवस्था कुळाच्या सामर्थ्याबाहेरची, सरकारच्या इच्छेबाहेरची होती.

खानदेशी वाचकाला ही कहाणी अपरिचित वाटू नये, कारण कापसाच्या बाबतीत आपल्याच जिल्ह्यात ती घडली आहे. अमेरिकेतील यादवीमुळे १८६० नंतरच्या दशकात कापसाचे भाव भडकले तेव्हा खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी स्थानिक आखूड धाग्याच्या जातीऐवजी हिंगणघाटचे बी आणून पसरवण्याचा खटाटोप केला. भेसळ थांबवण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ साली स्वतंत्र कायदाही केला. तरी उत्तम बी फार काळ शुद्ध राहिले नाही. सरकी कारखान्यात एकत्र होई, आणि तीच शेतकऱ्याच्या हाती परत येई. हुकूमनामा काढून बी सुधारत नाही. ते राखणारी माणसे, राखण्याची जागा आणि राखल्याबद्दल मिळणारा भाव, या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. केळीत मात्र आपण हे साधले. जळगावात भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपे घरोघर पोहोचवली आणि कंद खांद्यावरून वाहून आणण्याचा, रोगही त्याबरोबर वाहून आणण्याचा, जुना प्रघात मागे पडला. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात मातीचा वाटा जितका, तितकाच बी आणि रोप जपणाऱ्यांचाही आहे. भरिताचे वांगे तर बी घरी धरणाऱ्या बायकांच्या जिवावर टिकले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता भांगेच्या दुसऱ्या उपयोगाकडे, म्हणजे धागा आणि तेलबी यांच्याकडे वळू. कारण कायदेशीर लागवडीचा विचार आज ज्या अंगाने होतो आहे ते अंग हेच होय. खानदेशात दोरखंड, सुतळी, गोणपाट यांची गरज अंबाडीने आणि तागाने भागवली. ज्वारीच्या शेताच्या कडेला अंबाडी पेरावी, तिचा कोवळा पाला भाजीला आणि जुन्या काड्यांचा वाख दोराला, अशी दुहेरी सोय असताना भांगेच्या धाग्याकडे कोणी पाहण्याचे कारणच नव्हते. म्हणून येथे तिची ओळख केवळ मादक द्रव्य म्हणून राहिली. फार तर थकलेल्या बैलाला चारावयाचे औषध, आणि महाशिवरात्रीच्या दिवशी महादेवाच्या नावाने घोटावयाची विजया. हिमालयाच्या पहाडांत ज्याप्रमाणे तिच्या धाग्याचे कापड आणि तिच्या बियाची चटणी होते, त्याप्रमाणे आपल्याकडे झाले नाही. हा इतिहास विसरून, उत्तराखंडाने २०१८ साली औद्योगिक भांगेला परवाने दिले म्हणून खानदेशातही ते पीक लगेच रुजेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

याहून मोठी अडचण सूर्यप्रकाशाची आहे, आणि तिच्याकडे उत्साही मंडळी सहसा लक्ष देत नाहीत. भांग ही दिवसाच्या लांबीवर फुलणारी वनस्पती; दिवस लहान होऊ लागला की ती वाढ थांबवून फुलोऱ्यास लागते. युरोपात ज्या नामांकित धाग्याच्या जाती निर्माण झाल्या, उदाहरणार्थ फ्रान्समधील फ्युचुरा ७५, त्या सोळा तासांच्या उन्हाळी दिवसावर पोसलेल्या. खानदेश २१ अक्षांशाच्या आसपास आहे. येथील वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आतच मावळतो. परिणामी परदेशी बी महागात आणून येथे पेरले तर झाड कमरेइतकेही वाढण्यापूर्वी फुलून बसते, आणि धाग्याच्या नावाने शून्य. उत्तम बी म्हणजे ज्याची जाहिरात उत्तम ते नव्हे. या अक्षांशावर, या मातीत, या पावसात ज्याचे आईबाप पिढ्यान्‌पिढ्या तरले ते. असे बी सातपुड्यात अथवा निमाडात रानटी वा अर्धरानटी स्वरूपात अद्याप असेल तर ते शास्त्रीय रीतीने गोळा करून राष्ट्रीय जनुककोशात जमा होणे, हे मला या विषयातील सर्वांत तातडीचे काम वाटते.

बियाच्या आनुवंशिकतेला आणखी एक पैलू आहे, तो कायद्याचा. अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या दोन शास्त्रज्ञांनी १९७६ साली वर्गीकरणाच्या सोयीसाठी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल या मादक द्रव्याची ०.३ टक्के ही रेषा आखली, आणि पुढे अनेक देशांच्या कायद्यांनी तीच औद्योगिक भांगेची मर्यादा म्हणून उचलली. उत्तराखंडाच्या परवान्यातही तीच. झाडात हे द्रव्य किती निर्माण होईल हे मुख्यतः त्याच्या जनुकांवर ठरते. मातीने वा खताने तुरा भरघोस होईल, पण जात बदलणार नाही. आणि परागकण वाऱ्यावर येतात हे वर सांगितलेच आहे. ज्या परिसरात चोरून लावलेला गांजा उभा आहे, त्या परिसरात निर्धोक बी धरणे अशक्यप्राय होय, कारण पुढच्या पिढीत मर्यादा ओलांडलेली झाडे निघतील आणि प्रामाणिक परवानाधारकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील.

ही भीती खानदेशात काल्पनिक नाही. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, वनजमिनीवर वा कापूस, तूर आणि मका यांच्या ओळींआड लावलेला गांजा पोलिसांनी उपटून जाळल्याच्या वार्ता वर्षानुवर्षे येत आहेत. त्या वार्तांत क्विंटलांनी मुद्देमाल असतो, आणि आरोपी म्हणून बहुधा एखादा पावरा वा भिल्ल शेतमजूर. पीक कोणी लावावयास सांगितले, बी कोणी पुरवले, माल कोणत्या शहरात जावयाचा होता, हे पंचनाम्यात क्वचितच येते. कायद्याची ४६ वे आणि ४७ वे ही कलमे जमीनधारकावर आणि गावच्या अधिकाऱ्यांवर अशा लागवडीची खबर देण्याचे बंधन घालतात. ते बंधन पाळले जावे हे उचितच, पण ज्या बरड तुकड्यावर कोरडवाहू कापूस दर तिसऱ्या वर्षी बुडतो, त्या तुकड्याच्या मालकापुढे दुसरा मार्ग ठेवल्याशिवाय केवळ छाप्यांनी ही लागवड थांबेल असे मला वाटत नाही. मी या चोरट्या लागवडीचे यत्किंचितही समर्थन करीत नाही. तिच्यामुळे आदिवासी कुटुंबे उद्ध्वस्त होतात, तरुण व्यसनात बुडतात, आणि संशोधनाचे दारही तिच्यामुळेच बंद राहते.

ते दार उघडण्याची किल्ली कायद्यातच आहे. १४ व्या कलमान्वये धागा, बी अथवा बागाइती प्रयोजनासाठी भांगेच्या लागवडीस विशेष आदेशाने परवानगी देता येते, आणि १० व्या कलमाने राज्य सरकारांनाही नियमनाचे अधिकार दिलेले आहेत. जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेत या वनस्पतीवर अधिकृत संशोधन चालू आहे. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे खानदेशातील कापूस, केळी आणि तेलबिया यांचा दीर्घ अनुभव आहे. कुंपणाने आणि पहाऱ्याने सुरक्षित अशा तीन लहान क्षेत्रांवर, एक यावल-रावेरच्या गाळाच्या जमिनीत, एक अमळनेरच्या मध्यम काळीत आणि एक सातपुड्याच्या मुरमाडावर, देशी बियाच्या धाग्यासाठीच्या चाचण्या पाच-सात हंगाम घेतल्या, अंबाडी आणि ताग शेजारी पेरून त्यांच्याशी खर्च आणि उत्पन्न यांची तुलना केली, आणि त्यात अंबाडीच श्रेष्ठ ठरली, तर तोही निर्णय मी आनंदाने स्वीकारीन. अंबाडी हे आपले अत्यंत उपेक्षित पीक आहे.

पुस्तकाची रचना याच विचारानुसार केली आहे. पहिली तीन प्रकरणे मातीची. त्यांत भांगेचे नाव क्वचित येईल, आणि वाचकाने ती गाळू नयेत अशी विनंती आहे. मधली प्रकरणे खांडवा, नगर आणि नवगाव येथील परवाना पद्धतीचा इतिहास सांगतात. बियावरील प्रकरण सर्वांत दीर्घ असून त्यात कापूस, केळी आणि वांगे यांच्या बीजपरंपरांचाही सविस्तर परामर्श घेतला आहे. शेवटी १९८५ च्या कायद्याची संबंधित कलमे सोप्या मराठीत, अर्थनिर्णयासह, दिली आहेत. ती सातपुड्यातील ग्रामसभांत मोठ्याने वाचली जावीत, यासाठी तेवढा भाग स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपानेही छापण्याची व्यवस्था केली आहे.